डावी बाही, उजवी बाही आणि गाडीची डिस्क

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. आज विषय जरा वेगळा आहे. लोणचं नाही, कर्जाचा हप्ता नाही, शाळेचा दाखलाही नाही. आज आम्ही गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. "ते ड्रायव्हरचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं कुणी म्हणेल. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण गाडी गटाच्या नावावर असेल आणि तिच्यात आपल्याच बाया बसत असतील, तर ब्रेक आपलाच विषय होतो.

आमच्या गटाने जुनी चारचाकी घेतली. माल न्यायला आणि वेळप्रसंगी बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायला तिचा उपयोग होतो. चालवते आमच्यातलीच एक ताई. आमचं गाव घाटावर आणि बाजार चिपळूणचा, म्हणजे कुंभार्ली घाट उतरल्याशिवाय भागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पुढच्या डिस्क झिजल्या म्हणून नव्या बसवून घेतल्या. पैसे मोजले, पावती घेतली आणि निश्चिंत झालो.

पहिल्याच भरल्या फेरीला घाटाच्या मध्यावर जळकट वास सुटला. ताई म्हणाली, "ब्रेक मऊ लागतोय गं." पाय दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल जात होतं. तिने प्रसंगावधान राखलं. गिअर खाली टाकला, पेडल दोन-तीनदा दाबून दाब मिळवला, गाडी कडेला घेतली आणि चाकाला दगड लावले. आम्ही सात जणी रस्त्याच्या कडेला तासभर बसून राहिलो. चाकातून नुसती धग येत होती. एकीने पाण्याची बाटली ओतायला काढली, ताईने तिचा हात धरला. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर ते वाकतं, तडकतं. तापलेल्या बिडाच्या तव्यावर आपण पाणी ओततो का? तसंच आहे हे.

नंतर दुसऱ्या गॅरेजात चाकं उघडली तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एक, ब्रेक ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं. दोन, आम्ही वरच्या गिअरमध्ये सारखा ब्रेक दाबत उतरत होतो. आणि तीन, नव्या डिस्क उलट्या बाजूंना बसवल्या होत्या. डावीची उजवीला, उजवीची डावीला. ही तिसरी गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. डिस्क म्हणजे गोल ताटली, तिला कसली आलीय डावी-उजवी, असंच वाटायचं.

ब्रेक म्हणजे उष्णता

आधी डिस्क म्हणजे काय ते पाहू. चाकाच्या आत, चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड ताटली म्हणजे डिस्क. काही जण तिला रोटरही म्हणतात. या ताटलीच्या दोन्ही बाजूंना दोन ब्रेक पॅड असतात. त्यांना धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. आपण पेडल दाबलं की नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, चिमटा आवळतो, पॅड ताटलीला घासतात आणि गाडी थांबते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम. कारण ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो. एसटीत उभ्या असताना आपण पुढे झुकतो ना, तसाच. म्हणून पुढच्या चाकांना जास्त काम पडतं.

आता घासलं की तापतं, हे तळहात चोळूनही कळतं. गाडीचा वेग कुठे जातो? त्याची उष्णता होते. किती होते, याचा आम्ही हिशोब मांडला. माणसं आणि माल धरून दीड टनाची गाडी ६०० मीटर खाली उतरली, तर तेवढ्या उतारात निघणारी उष्णता सुमारे २८ लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल. म्हणजे जवळजवळ दोन हंडे पाणी! यातला काही वाटा वारा घेतो, खालच्या गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन घेतं. उरलेला सगळा त्या ताटल्यांवर येतो. तो वेळेवर बाहेर पडला नाही तर पॅडची पकड कमी होते आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

ब्रेक ऑइल मिठासारखं असतं. हवेतला ओलावा ते हळूहळू ओढून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला की दबतो, म्हणून पेडल खाली जातं आणि चिमटा मात्र आवळत नाही. घाटात आमच्या पायाखाली हेच चाललं होतं.

पोकळ डिस्क आणि तिच्यातली पाती

उष्णता बाहेर काढायला पुढच्या डिस्क बहुधा पोकळ करतात. दोन पातळ ताटल्या आणि त्यांच्यामध्ये उभी पाती, जणू बिस्किटाच्या दोन चकत्या आणि मध्ये क्रीमऐवजी फटी. चाक फिरलं की मधल्या भागातून हवा आत शिरते आणि फटींतून कडेने बाहेर फेकली जाते. डिस्क स्वतःच पंखा होते आणि स्वतःला वारा घालते.

ही पाती दोन-तीन तऱ्हेची असतात. काहींत ती सरळ असतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. काहींत पात्यांऐवजी छोटे खांब असतात. या दोन्हींना डावं-उजवं नसतं. अशी डिस्क कुठल्याही बाजूला बसवली तरी हवा तेवढीच फेकते. रोजच्या वापरातल्या पुष्कळ गाड्यांना अशाच डिस्क असतात, आणि काहींना तर पोकळ नसलेली, एकसंध डिस्क असते. तिथे पात्यांचा प्रश्नच येत नाही.

तिसऱ्या तऱ्हेत पाती कमानीसारखी वाकलेली असतात. ती जास्त हवा फेकतात, पण योग्य दिशेने फिरली तरच. आमच्या गाडीला दुकानदाराने दिलेल्या डिस्क अशा कमानी पात्यांच्या होत्या.

विहिरीवरच्या मोटारीचा पंप ज्यांनी उघडलेला पाहिलाय, त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. त्यातल्या पंख्याची पातीही अशीच वाकलेली असतात. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते. आवाज येतो, मोटार चालू दिसते, पण पाणी नीट येत नाही. उलट्या बाजूच्या डिस्कचंही तसंच आहे. ब्रेक लागतो, गाडी थांबते, सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. लांब उतारावर, भरल्या गाडीत, ताटली सारखी तापत असते आणि वारा मात्र कमी पडतो. खोट असते, पण ती आपल्याला घाटात कळते.

पदर मागे उडतो, पातीही मागे झुकतात

मग योग्य दिशा ओळखायची कशी? आम्ही एक खूण पाठ केली आहे. दुचाकीवर मागे बसलं की पदर कुठल्या बाजूला उडतो? मागे. डिस्क गाडीला लावलेली असताना तिच्या सगळ्यात वरच्या भागातली पाती पाहायची. पात्याचं बाहेरचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेलं हवं, पदरासारखं. डाव्या चाकालाही हाच नियम आणि उजव्या चाकालाही हाच.

यामागचं कारण असं. गाडी पुढे जाताना चाकाचा वरचा भाग पुढे जात असतो. पात्याचं बाहेरचं टोक मागे राहिलं की हवा कमानीवरून सहज घसरत बाहेर पडते. टोक पुढे असेल तर पातं हवेला ओंजळीसारखं अडवत फिरतं. पाहायला वाटतं की ओंजळ जास्त हवा उपसेल, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. पण तिथे हवा घुटमळते आणि प्रवाह कमी होतो.

पाहायची पद्धत सोपी आहे. गाडी पूर्ण गार असताना, चाक काढलेलं असताना, खराट्याची एक काडी डिस्कच्या वरच्या फटीत सरकवा. काडी सरळ मधोमध उतरली तर पाती सरळ आहेत, चिंता नको. काडी तिरकी गेली तर पाती कमानी आहेत. मग बाहेर राहिलेलं काडीचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला कललेलं आहे का ते बघा. पाहून झाल्यावर काडी आठवणीने काढून घ्या.

उलटी करून भागत नाही

आता बाहीकडे येऊ. ब्लाऊज शिवणाऱ्या बायांना ठाऊक आहे, बाहीला पुढचा मुंढा जास्त खोल असतो. कापड दुमडायला विसरलं आणि दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या गेल्या, की मग कितीही फिरवा, दुसरी बाही बसत नाही. डिस्कचंही तसंच असतं. डिस्कचा मधला भाग टोपीसारखा बाहेर आलेला असतो. तो हबवर एकाच तोंडाने बसतो. त्यामुळे चुकीच्या बाजूची डिस्क पालथी घालून बरोबर होत नाही. दोन्ही डिस्कची अदलाबदल झाली असेल तर बाजू बदलून काम भागतं. पण दुकानातून दोन्ही एकाच बाजूच्या आल्या असतील तर एक परत करावीच लागते. म्हणून खोकी दुकानातच उघडा आणि दोन्ही डिस्क शेजारी ठेवून बघा. त्या एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसायला हव्यात.

खोक्यावर किंवा डिस्कवर डाव्यासाठी 'एल' आणि उजव्यासाठी 'आर' असं इंग्रजी अक्षर असतं, कधी बाणही असतो. इथली डावी-उजवी ही ड्रायव्हर गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची. गाडीसमोर उभं राहून ठरवली तर नेमकं उलटं होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून 'आर' त्याच्या बाजूला, असं लक्षात ठेवा. आमच्या खोक्यांवर ही अक्षरं होती. पण खोकी आधीच फाडून टाकली गेली, आणि आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही. त्या गॅरेजवाल्या दादाला एकट्याला दोष देऊन आम्ही सुटणार नाही.

आणखी एक फसवी खूण आहे. काही डिस्कच्या पृष्ठभागावर चरे पाडलेले असतात. ते पाहून "हे असे तिरके म्हणजे बाजू अशी" असं ठरवलं जातं. आमच्या डिस्क तशाच बसवल्या होत्या. चरे कुठल्या बाजूला झुकवायचे हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि ते आतल्या पात्यांच्या उलट्या बाजूलाही झुकलेले असू शकतात. म्हणून आधी बनवणाऱ्याची खूण बघायची आणि मग आतली पाती. चऱ्यांवरून अंदाज करायचा नाही.

कधी कधी कंपनी स्वतःच दोन्ही बाजूंना एकाच नंबरची डिस्क देते. तसं असेल तर कंपनीने हिशोब करूनच ती दिलेली असते. तिथे वाद घालू नका.

गॅरेजात उभं राहून काय बघायचं

डिस्क बदलणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. यूट्यूबवर बघून अंगणात करायचं नाही. पण उभं राहून बघायला आणि विचारायला कुणाची बंदी नाही. आम्ही वहीत जे लिहून ठेवलंय ते सांगतो.

पहिलं, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणी काम करू नये. खाली पक्का स्टँड हवा आणि जमिनीवरच्या चाकांना अडण लावलेली हवी.

दुसरं, डिस्क नेहमी जोडीने बदलतात, एकाच आसाच्या दोन्ही बाजूंना. एक नवी, एक जुनी असेल तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढू शकते. नव्या डिस्कबरोबर पॅडही नवेच घ्यावेत. जुना पॅड जुन्या डिस्कच्या खाचांना सरावलेला असतो.

तिसरं, बदलायची खरंच गरज आहे का? डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आहे आणि किमान २० लिहिलंय, तर मोजमाप २० च्या खाली गेलं की ती बाद. "मोजून दाखवा दादा," असं म्हणायला लाजू नका.

चौथं, कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. तारेने वर बांधावा. नळी आतून तुटली तर बाहेरून दिसत नाही.

पाचवं, जुनी डिस्क निघाली की हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायला हवा. पाटाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तशी गंजावर बसलेली डिस्क डुगडुगते आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेही पूर्ण पुसून धुवायला हवं. पॅडला तेल लागलं की पकड गेली. ही सगळी साफसफाई चालू असताना ब्रेकची धूळ फुंकू नका, हवा मारू देऊ नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

सहावं, चाक चढवण्याआधी आपली काडीची परीक्षा. याच वेळी ती करायची, नंतर चाक आड येतं.

सातवं, चाकाचे नट समोरासमोर आलटून पालटून आवळतात, एका बाजूने ओळीने नाही. थोडे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावेत.

आठवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. काम करताना चिमट्यातला पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. ब्रेक ऑइलची पातळीही तेव्हाच बघून घ्यायची. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं.

गाडी घरी आल्यावर

नव्या डिस्कची आणि पॅडची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश, हलक्या हाताने ब्रेक लावा. या दिवसांत भरली गाडी घाटात नेऊ नका. आम्ही नेमकी पहिलीच फेरी घाटात नेली, ही आमची चूक.

घाटाचा एक जुना नियम आहे. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पाय सारखा ब्रेकवर ठेवायचा नाही. जरुरीपुरता दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क गार होते. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं तर मुळीच नाही. जळकट वास आला, पेडल मऊ लागलं किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, की जागा बघून थांबायचं. बाजार अर्धा तास उशिरा गाठला तरी चालतो.

आमच्या डिस्कच्या बाजू बदलल्या, ऑइल नवं भरलं. मजुरी दोनदा पडली आणि मासिक बैठकीत त्यावरून थोडी बोलाबोलीही झाली. पण एक ठराव झाला. गटाच्या गाडीचं कुठलंही काम असलं की ताईबरोबर आणखी एक जण गॅरेजात जाईल, बदललेल्या सुट्या भागाचं खोकं घरी आणेल आणि तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते वहीत लिहील. कर्जाची वही आपण जपतो, तशी गाडीची वही. आमच्या पर्समध्ये आता एक खराट्याची काडीही असते. गॅरेजवाले दादा पहिल्यांदा हसले. परवा त्यांनीच विचारलं, "ताई, काडी आणलीय ना?"

त्या दिवशी गाडीत आम्ही सात जणी होतो. सगळ्या सुखरूप घरी आलो, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. तुमच्या गटाची गाडी असेल, किंवा तुम्ही रोज कुणाच्या वडापच्या जीपने घाट उतरत असाल, तर या महिन्याच्या बैठकीत एवढं एकच विचारा, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" उत्तर कुणालाच आठवलं नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.